वहीतली नावे

गेल्या महिन्यात एका दुपारी दवाखान्यातली गर्दी ओसरल्यावर आमच्या आशाताई आल्या. हातात एक जुनी दोनशेपानी वही होती. पुठ्ठा सुटलेला, कडा पावसाच्या पाण्याने फुगलेल्या. “घर आवरताना सापडली, डॉक्टर. रद्दीत टाकणार होते. म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं.” वही मी लगेच ओळखली. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात ‘एप्रिल 2020’ असे लिहिलेले होते आणि त्याखाली नावे होती. नाव, वय, घराची खूण, आजार, गोळ्या किती दिवस पुरतील, मुलगा किंवा मुलगी कुठे असते; आणि शेवटच्या रकान्यावर एकच शब्द : ‘कोण?’ म्हणजे या घराचे दार रोज कोण वाजवणार.

या सदरात मी एरवी रक्तदाब, गुडघे, झोप आणि पथ्य यांविषयी लिहितो. आज त्या वहीविषयी लिहिणार आहे. महासाथीच्या आठवणी कोणाला नकोशा वाटत असतील तर ते स्वाभाविक आहे. परंतु त्या दोन वर्षांत वृद्धांच्या बाबतीत जे काही साधले आणि जे हातून निसटले, त्याचा हिशेब या वहीत आहे आणि तो जुना झालेला नाही.

वडखळ हे पेण तालुक्यातले, मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. अलिबागचा रस्ता इथूनच फुटतो, म्हणून बाहेरच्या माणसाला वडखळ म्हणजे नाका आणि वाहनांची रांग एवढेच ठाऊक असते. नाक्याच्या मागे मात्र खारेपाट आहे : भातखाचरे, खाडीचे बांध, मिठाची हवा आणि बांधाला टेकलेली वस्ती. घरातली तरुण माणसे डोळवीच्या पोलाद कारखान्यात किंवा पनवेल, ठाणे, मुंबईला. दिवसा घरी उरतात ती म्हातारी माणसे. पूर्वेकडे डोंगराच्या पायथ्याला कातकरी वाड्या. ही सगळी माणसे माझ्या दवाखान्यात येतात ती एसटीने, मिनीडोअरने किंवा चालत.

दिनांक 25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली. एसटी थांबली, मिनीडोअर थांबल्या. आणि इथे मला एक गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे : मीही दवाखाना बंद केला. अकरा दिवस. संरक्षक पोशाख नव्हते, चांगले मास्क मिळत नव्हते, घरी माझी आई होती, ही कारणे खरी होती. पण त्यांच्या मुळाशी भीती होती. दारावर मी माझा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद चिकटवला आणि आपले कर्तव्य झाले असे मानले.

बाराव्या दिवशी एका आजींना त्यांच्या मुलाने मोटारसायकलवर, मधे बसवून आणि मागून सुनेने धरून आणले. उजवा हात लुळा, तोंड वाकडे, बोलणे अस्पष्ट. दहा वर्षे त्यांचा रक्तदाब माझ्याकडे नियमित तपासला जात होता. सुनेने सांगितले, “गोळ्या संपल्या म्हणून चालत आल्या होत्या. दवाखान्याला कुलूप.” औषधाचे दुकान तर उघडे होते, असे मी म्हणालो. सून म्हणाली, “नाव कुठं माहीत आहे त्यांना? लहान पांढरी गोळी, एवढंच सांगतात. दुकानदारानं दिली नाही.” दुकानदाराचे बरोबरच होते. लहान पांढऱ्या गोळ्या शेकडो असतात. माझा क्रमांक दारावर होता, पण आजींना वाचता येत नव्हते.

आजी जगल्या. हात पूर्ववत झाला नाही. त्यांना कोरोना कधीच झाला नाही, म्हणून त्या काळाच्या कोणत्याही आकडेवारीत त्यांची नोंद सापडणार नाही. अशी किती माणसे असतील ज्यांना विषाणूने नव्हे, तर बंद दारांनी गाठले? दुसऱ्या दिवशी मी दवाखाना उघडला.

त्या वेळी गावोगावी समित्या नेमल्या गेल्या होत्या. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका, आशा. बाहेरगावाहून येणाऱ्यांची नोंद करणे, त्यांना शाळेत विलगीकरणात ठेवणे, त्यांच्या जेवणाची सोय पाहणे ही कामे त्यांच्यावर होती. मुंबईहून कोकणात चालत निघालेल्या माणसांच्या रांगा आमच्या नाक्याने पाहिल्या आहेत. त्यांना पाणी आणि पिठले-भात देणारे हात गावातलेच होते. त्याच वेळी काही गावांनी वेशीवर बांबू आडवे बांधले, हेही खरे.

समित्यांची सगळीच कामे शहाणपणाची नव्हती. रस्त्यांवर आणि भिंतींवर हायपोक्लोराइट फवारण्यात गावोगावच्या ग्रामपंचायतींचा पैसा गेला. मे 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने उघड्यावरच्या अशा फवारणीची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट केले, तरी फवारणी चालूच राहिली. कारण फवारणी दिसते. आर्सेनिक अल्बम 30 च्या गोळ्याही घरोघर वाटल्या गेल्या. त्यांनी कोरोना टळतो याला विश्वासार्ह पुरावा नव्हता, हे मी तेव्हाही म्हणालो होतो आणि त्याबद्दल रागही ओढवून घेतला होता. त्याच पैशात रक्तदाबाच्या गोळ्या किती आल्या असत्या, हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नसे.

आजींची हकीकत मी एका ग्रामपंचायत सदस्यांना सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “डॉक्टर, मुंबईहून कोण आलं याची यादी आमच्याकडं आहे. गावात कोण एकटं आहे, याची नाही.” वहीची सुरुवात या वाक्यापासून झाली.

यादी करणे सोपे वाटते. मतदार यादीवरून साठ वर्षांपुढची नावे काढता येतात. पण त्यावरून कोणाला कशाची गरज आहे ते कळत नाही. ते आशाताईंना माहीत होते. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा, ही योजना 2005 पासूनची. मूळ काम माता आणि बालकांचे. पण घरोघर फिरणाऱ्या बाईला घरातली म्हातारीही दिसतेच. त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो. “ही मधुमेहाची, इन्सुलिन घेते, सून बाळंतपणाला माहेरी.” “हा एकटा, मुलगा नालासोपाऱ्याला, दिसत कमी.” “ही बोलत नाही कोणाशी, भावजयीकडे असते, जेवली का विचारायला हवं.” तीन दिवसांत चाळीसच्या वर नावे झाली.

मग ‘कोण?’ हा रकाना. पेणच्या गणपती कारखान्यांत काम करणारी, हातची कामे थांबल्यामुळे घरी बसलेली काही मुले होती. उत्सव मंडळाची होती. एक मिनीडोअरवाला होता. प्रत्येकाला चार-पाच घरे दिली. काम एवढेच : रोज दारापर्यंत जायचे, हाक मारायची, उत्तर येईपर्यंत थांबायचे, आठवड्याला गोळ्यांची पाकिटे मोजायची. गोळ्या संपत आल्या की रिकामे पाकीट माझ्याकडे आणायचे, मी चिठ्ठी द्यायची, मिनीडोअरवाल्याने परवाना घेऊन पेणहून औषधे आणायची.

चुका झाल्या. एका मुलाने दोन घरांच्या पिशव्यांची अदलाबदल केली. साखरेची गोळी ज्यांना साखर नाही त्यांच्याकडे गेली. आजोबांनी गोळीचा रंग ओळखून ती घेतली नाही म्हणून निभावले. तेव्हापासून पिशवीवर नाव आणि आत जुने रिकामे पाकीट, असा नियम केला. कोणी तरी शिधावाटपाची छायाचित्रे काढायला सुरुवात केली. एका आजींनी पिशवी परत केली. “फोटो काढायचा तर तांदूळ नको,” म्हणाल्या. त्यानंतर छायाचित्रे बंद झाली. दुपारी जाऊन हाक मारली तर म्हातारी माणसे झोपलेली असतात आणि उत्तर आले नाही की मुले घाबरून कडी तोडायला निघतात, हेही आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळले. वेळ सकाळची ठरली.

यादीचा खरा कस लागला तो 3 जून 2020 रोजी. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, अलिबागचे जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. आमच्याकडेही पत्रे उडाले, झाडे पडली, वीज गेली आणि पाठोपाठ भ्रमणध्वनी बंद पडले. तोपर्यंत सर्व शहाणी माणसे सांगत होती की वृद्धांशी दूरध्वनीवरून संपर्क ठेवा. त्या दिवसांत दूरध्वनी हे निव्वळ प्लास्टिकचे तुकडे होते. मुंबईतल्या मुलांना आईबाप जिवंत आहेत की नाहीत हे कळत नव्हते. ज्या पोरांना चार-चार घरे पाठ होती ती वादळ ओसरल्यावर निघाली आणि अंधार पडायच्या आत बहुतेक नावांपुढे आशाताईंनी खूण केली. वहीच्या कडा फुगल्या त्या त्याच दिवशी.

वीज नसल्यामुळे इन्सुलिनचा प्रश्न उभा राहिला. तो आजही उभा राहू शकतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली किंवा पेन साधारण 25 ते 30 अंशांच्या आत राहिल्यास सुमारे चार आठवडे बिघडत नाही. बरोबर आलेल्या पत्रकावर नेमकी मुदत दिलेली असते. न उघडलेला साठा मात्र थंडच हवा. शीतकपाट बंद पडले तर मातीचे मडके घ्या, ते ओल्या वाळूत किंवा पाण्याच्या परातीत ठेवा, बाटली कोरड्या पिशवीत घालून मडक्यात ठेवा, वर ओले फडके घाला आणि सावलीत ठेवा. बर्फाला थेट चिकटवू नका. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. त्या जूनमध्ये आमच्या चार घरांतले इन्सुलिन माठानेच सांभाळले.

साथीत दारावर कोण येते याला फार महत्त्व असते, हे महाराष्ट्राला नव्याने शिकण्याचे कारण नव्हते. मार्च 2020 मध्ये राज्यात जो साथरोग कायदा लागू झाला, तो 1897 चा. मुंबईतल्या प्लेगच्या वेळी केलेला. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या प्लेग समितीने घरतपासणीसाठी सैनिक पाठवले. रोग शोधणे हा हेतू चुकीचा नव्हता. पण अनोळखी माणसे बुटांसकट आत शिरत होती, म्हणून लोकांनी आजारी माणसे लपवली. त्याच पुण्यात, हडपसरजवळ ससाणे मळ्यावर, डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला होता. त्यांच्या आई सावित्रीबाई रुग्णांना तिथे स्वतः आणत असत. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. एकाच शहरात, एकाच वर्षी, घराच्या उंबऱ्यावर आलेली ही दोन प्रकारची माणसे.

आपल्या राज्याने 2020 मध्ये निदान हा धडा घेतला असे म्हणता येईल. 15 सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. एक आरोग्य कर्मचारी आणि सोबत स्थानिक स्वयंसेवक अशी पथके घरोघर गेली. ताप मोजला, रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण पाहिले, मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार आहे का ते विचारले. कागदावर ही मोहीम फार मोठी होती. प्रत्यक्षात ती यशस्वी झाली की नाही हे पथकातला स्वयंसेवक कोण आहे यावर ठरत होते. आमच्या पथकात त्या चार-चार घरांची मुले होती, म्हणून दारे उघडली. शेजारच्या एका गावात मात्र “आमच्याकडे सगळे ठणठणीत” एवढे उंबऱ्यावरून ऐकून पथक पुढे जात असे. तपासणीत काही निघाले तर उचलून नेतील, ही भीती.

ऑक्सिमीटर त्या काळात घरोघर आला आणि आता बहुतेकांच्या कपाटात धूळ खात पडला असेल. काढून बघा, बॅटरीतून पाणी सुटले असेल. वयस्कर माणसांची बोटे थंड असतात, कातडी जाड असते. अशा बोटावर आकडा चुकीचा खाली दिसतो. आधी पाच मिनिटे शांत बसवा, तळहात चोळून गरम करा, नखावर रंग किंवा मेंदी नसलेले बोट निवडा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. 95 किंवा अधिक असेल तर ठीक. 94 च्या खाली पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टरांना विचारा, आणि 90 च्या खाली असेल तर विचारत बसू नका, रुग्णालय गाठा. ज्यांना फुप्फुसाचा जुना विकार आहे त्यांचा नेहमीचा आकडाच कमी असू शकतो. तो डॉक्टरांकडून आधी लिहून घ्या. दुसरे असे की वृद्धांना संसर्गात ताप येईलच असे नाही. एकाएकी भ्रम होणे, अन्नावरची वासना जाणे, चालताना तोल जाणे, दिवसभर झोपून राहणे, हीच कित्येकदा पहिली लक्षणे असतात. “वयामुळे असेल” असे म्हणून ही लक्षणे बाजूला सारली जातात.

एप्रिल 2021. त्या महिन्याविषयी मला लिहायला जड जाते. डोळवीच्या कारखान्यातून द्रवरूप प्राणवायू भरलेले टँकर राज्यातल्या रुग्णालयांकडे जात होते. वडखळच्या माणसाला तो टँकर दिसला की बरे वाटे. नाक्यावरून प्राणवायू जातो आहे आणि त्याच नाक्यापासून हाकेच्या अंतरावर एखाद्याला तो कमी पडतो आहे, याची कोणाला कल्पना येत नसे. एका मळ्यात ऐंशीच्या घरातले आजोबा सकाळी खाटेवर बसून बिडी ओढत होते. आमच्या स्वयंसेवकाने नेहमीप्रमाणे बोटाला यंत्र लावले. 86. आजोबा म्हणाले, “मला काय झालंय?” त्यांना दमही लागलेला नव्हता. मुलाने यंत्र स्वतःच्या बोटाला लावून पाहिले, पुन्हा आजोबांना लावले आणि मला फोन केला. मिनीडोअरमध्ये पालथे निजवून त्यांना नेले. खाट मिळायला संध्याकाळ झाली. सतरा दिवसांनी ते घरी आले. बिडी सुटलेली नाही.

आणि त्याच आठवड्यात दुसरी घटना घडली. रस्त्यालगतच्या एका नव्या इमारतीत एक निवृत्त दांपत्य राहत असे. चांगली सदनिका, मुलगा परदेशात, मुलगी बंगळुरूला. दोघेही सुशिक्षित. नवरा मला कधी कधी वर्तमानपत्रातली आरोग्यविषयक कात्रणे आणून दाखवत असे. त्यांना ताप आला, त्यांनी दाराला आतून कडी लावून घेतली आणि लोकांना त्रास नको म्हणून कोणालाही कळवले नाही. मुलगा रोज रात्री फोन करत होता आणि “आम्ही ठीक आहोत” असे ऐकत होता. तिसऱ्या दिवशी पहाटे बाईंनी मला फोन केला. मी पोहोचलो तेव्हा गृहस्थ गेले होते.

परत आल्यावर मी वही उघडली. त्यांचे नाव त्यात नव्हते. कसे असणार? आम्ही नावे निवडली होती ती गरिबी पाहून : कच्चे घर, शिधापत्रिका, मोलमजुरी. सदनिकेतल्या माणसांना पैसा आहे, फोन आहे, शिकलेली मुले आहेत, त्यांना आपली काय गरज, असे आशाताईंनाही वाटले आणि मलाही. एकटेपणाचा आणि मिळकतीचा संबंध नाही हे डॉक्टरला तरी कळायला हवे होते. बाई नंतर मुलीकडे गेल्या. निघताना मला एवढेच म्हणाल्या, “कोणी दार वाजवलं असतं, तर मी उघडलं असतं हो.”

त्यानंतर यादीतला पहिला प्रश्न बदलला. ‘कोणाला मदत हवी?’ याच्या जागी ‘सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळात घरात एकटे कोण असते?’ हा प्रश्न आला. नावे जवळजवळ दुप्पट झाली. त्यांत एक सेवानिवृत्त शिक्षिका आल्या, पत्नीची शुश्रूषा करणारे आणि स्वतःच हृदयरुग्ण असलेले एक गृहस्थ आले. शुश्रूषा करणाऱ्याचे नावही यादीत हवे, हे मला त्यांच्यामुळे उमगले. तो आजारी पडला तर एका घरात दोन रुग्ण होतात.

लसीकरण 1 मार्च 2021 पासून साठीपुढच्यांसाठी सुरू झाले होते, पण ऑनलाइन नोंदणी, साधा फोन आणि संकेतांक या साखळीत म्हातारी माणसे अडकून पडली. ‘लस घेतल्यावर माणूस वर्षात मरतो’ अशी आवई वाड्यांवर पोहोचायला मात्र कसलीच नोंदणी लागली नाही. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात, त्यामुळे यादीत नाव असले तरी माणूस जागेवर नसे. आशाताई भट्टीवर गेल्या, पहिल्या दिवशी लसीचे नावही न काढता लहान मुलांची वजने करून परत आल्या. दुसऱ्या खेपेला बोलल्या. तिसऱ्या खेपेला दोन म्हाताऱ्या मिनीडोअरमध्ये बसल्या. ही गती आकडेवारीच्या दृष्टीने लाजिरवाणी होती, आणि दुसरी कोणतीही चालली नसती.

याच आशांना जून 2021 मध्ये मानधनासाठी राज्यभर संप करावा लागला. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक सन्मान केला. मी आमच्या ताईंचे अभिनंदन केले तर त्या म्हणाल्या, “चांगलंच झालं. मागच्या तीन महिन्यांचे पैसे तेवढे आले नाहीत.”

ब्रिटनमध्ये मार्च 2020 मध्ये शासनाने स्वयंसेवकांसाठी आवाहन केले. अडीच लाख माणसे हवी होती. थोड्याच दिवसांत साडेसात लाखांनी नावे नोंदवली. पण सुरुवातीला त्यांतल्या अनेकांना काम मिळाले नाही. मदत करू इच्छिणाऱ्यांची यादी तयार होती, मदत हवी असलेल्यांची घरे मात्र त्यांना ठाऊक नव्हती. माणसे कमी पडतात ही आपली नेहमीची तक्रार असते. माझा अनुभव निराळा आहे. माणसे मिळतात, उंबरे माहीत नसतात.

आता साथ नाही. ग्रामपंचायतीतली माणसे बदलली, ती मुले कामाला लागली. यंत्रणा म्हणून काय उरले आहे? ग्राम आरोग्य, पाणीपुरवठा, पोषण व स्वच्छता समिती कागदोपत्री प्रत्येक गावात असते; तिला वर्षाला साधारण 10,000 रुपयांचा मुक्त निधी असतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. घरात कोणी दिव्यांग असेल तर ग्रामसभेत हा खर्च विचारा. विचारणारा एक जरी उभा राहिला तरी उत्तर द्यावे लागते. ज्येष्ठ नागरिकांसाठी 14567 ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, रुग्णवाहिकेसाठी 108. हे दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत, चष्म्याशिवाय वाचता येतील असे, दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. त्याखाली तुमच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे एका पिशवीत अडकवा आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या नेहमी शिल्लक राहतील असे पाहा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ती पिशवीच चिठ्ठीचे काम करते. त्या आजींच्या घरी अशी पिशवी आता दाराच्या खिळ्याला आहे.

आणि परगावी असलेल्या मुलामुलींसाठी : आईवडिलांना रोज फोन करता हे चांगलेच आहे, पण त्यांच्या शेजारच्या एका माणसाचा क्रमांकही तुमच्याकडे असू द्या आणि त्या माणसाशी वर्षातून दोनदा तरी बोला. “आम्ही ठीक आहोत” हे वाक्य खरे आहे का, ते फक्त तोच सांगू शकतो.

वही मी रद्दीत जाऊ दिली नाही. गेल्या रविवारी आशाताई, ते जुने सदस्य आणि मी दवाखान्यात बसलो. निम्म्याहून अधिक नावांवर रेघ मारावी लागली. बिडीवाले आजोबा आहेत. लुळ्या हाताच्या आजी आहेत. नवी वही घेतली आणि घरांच्या क्रमाने लिहीत गेलो. माझी आई आता दिवसभर घरी एकटीच असते, कारण मी दवाखान्यात असतो. आशाताईंनी मला न विचारता तिचेही नाव घातले. अकराव्या नावाशी आलो तेव्हा त्या गृहस्थांचा फोन लागेना. दोनदा लावला. सदस्य म्हणाले, झोपले असतील. ताईंनी पदर खोचला, चप्पल पायात घातली आणि म्हणाल्या, “तुम्ही पुढचं लिहा. मी बघून येते.”